दीड वेढा

शनिवारी रात्री, बाराच्या जरा पुढे,
पेगी मॅकऑलेच्या दारात गाडी मोडली.
चालवत नव्हतं कुणी. बसलंही नव्हतं आत.
जळणाच्या पीटचं एक पोतंसुद्धा नव्हतं,
हे तिनं मला फोनवर तीनदा सांगितलं.

आवाज भिंतीतून आला म्हणे,
बादलीवर पहार पडावी तसा.
तिला वाटलं, मेंढा सुटला.
टॉर्च घेऊन गेली, तर गाडी
डाव्या खांद्यात खचलेली,
कुणाचं तरी कानात ऐकायला कलावं तशी.

रविवारी आमच्या लुईस बेटावर
दोरीवर कपडेदेखील वाळत नाहीत.
ती पायीच गेली चर्चला, साडेतीन मैल, समोरून वारा,
आणि सोमवारी उजाडायच्या आत मला म्हणाली,
"कॅलम, शब्बाथ मोडला तो गाडीनं. मी नाही."

ट्रेलरवर घालून आणली. चाक काढलं.
खालचा दीड वेढा गायब.
तुटलेलं टोक टायरला टेकलेलं,
रबरावर त्यानं एक बारीक रेघ
ओढायला घेतली होती.
चर्चला ती गाडीनं गेली असती
तर हे मी वेगळ्या आवाजात सांगत असतो.

गंज वरून दिसत नाही.
कधीतरी एक खडा उडतो,
निळ्या लेपाचा नखाएवढा कपचा निघतो,
आणि इथे तर रस्त्यावर हिवाळाभर मीठ,
हवेत बाराही महिने.
ते आत बसून राहतं.
मग खड्ड्यात नाही, वळणावर नाही,
एका शांत रात्री थंडी उतरते,
लोखंड अंग आखडतं, आणि बास.

मोडेन पण वाकणार नाही, म्हणतात.
म्हणणाऱ्यानं स्प्रिंग पाहिली नसावी.
ही जन्मालाच वाकून आली,
अकरा वर्षं वाकत राहिली,
सिमेंटच्या गोण्या, आजारी मेंढी, बहिणीचं कपाट,
आणि मोडली ती अंगावर कुणी नसताना.

"उजवी धड आहे की."
"जोडीनंच बदलतात, पेगी."
"का?"
नवी उंच, जुनी बसकी, गाडी लंगडेल, असं काहीबाही मी सांगितलं.
ती ओठ मिटून उजवीकडे बघत राहिली,
चूक नसताना कामावरून काढलेल्या माणसाकडे
बघावं तशी.

स्प्रिंग दाबायला घेतली की मी बोलत नाही.
फिनलेला दाराबाहेर उभं करतो.
सतरा वर्षांचा आहे, त्याला राग येतो.
दोन्ही बाजूंचे हूक आळीपाळीनं,
अर्धा आटा इकडे, अर्धा तिकडे,
वेढे जवळ जवळ येतात
आणि खोलीतली हवासुद्धा त्यांच्यासोबत आवळते.
छताच्या पत्र्यात एक भोक आहे, मुठीएवढं.
माझ्या उस्तादाच्या हातून सुटली होती एकदा.
त्यानं ते बुजवलं नाही. मीही नाही.
पाऊस येतो त्यातून. खाली डबा ठेवतो.

चार वाजता, अंधार पडता पडता, गाडी सपाट उभी.
पेगीनं बॉनेटच्या कोपऱ्यावर तळवा ठेवून दाबलं.
खाली गेली, वर आली, थांबली.
दुसऱ्या कोपऱ्याशी जाऊन दाबलं.
मग परत पहिल्याशी आली.
पैसे मोजून दिले, पावती दोनदा वाचली,
आणि ती धड असलेली जुनी स्प्रिंग मागून घेतली.
कशाला, ते मी विचारलं नाही.
वर्तमानपत्रात गुंडाळून शेजारच्या सीटवर ठेवली,
जरा विचार केला,
आणि तिला पट्टा लावला.

तो दीड वेढा अजून तिच्या दारातच असणार, गवतात.
"कापताना जपून!" मी ओरडलो.
वारा होता.
तिनं हात केला, पण तो कशाला, कोण जाणे.